सायीच्या रंगाचा गुलाब

आमच्या घराच्या मागच्या अंगणात, न्हाणीघराच्या भिंतीपासून हातभर अंतरावर, माझ्या आईने लावलेले एक गुलाबाचे झाड आहे. झाडाच्या जातीचे नाव तिला ठाऊक नव्हते. ती त्याला ‘सायीचा गुलाब’ म्हणे. शेजारच्या काकूंना ते ‘साईंचा गुलाब’ असे ऐकू येई आणि दर गुरुवारी शिर्डीच्या तसबिरीसाठी त्या एक फूल मागून नेत. आईने त्यांची समजूत कधी दुरुस्त केली नाही.

आई गेल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी, फेब्रुवारीत, या झाडाला पांढरी फुले आली. कोणी म्हणाले, बोअरचे पाणी लागले. कोणी म्हणाले, नाशिकची काळी माती गुलाबाचा रंग खाते. मी भौतिकशास्त्राचा प्राध्यापक. मी खिडकीतूनच एक नजर टाकली आणि उन्हाने रंग उडाला असा निकाल देऊन मोकळा झालो. तो निकाल साफ चुकीचा निघाला. तो कसा चुकला, हे सांगण्याआधी आपल्याला एका साध्या प्रश्नाचे उत्तर शोधले पाहिजे: सायीचा रंग म्हणजे नेमका कोणता रंग?

उत्तर शोधायला स्वयंपाकघरात जावे लागेल. दूध पांढरे दिसते, पण दुधात पांढरा रंग असा कोणी घातलेला नसतो. स्निग्ध पदार्थाचे आणि प्रथिनांचे असंख्य सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. त्यांच्यावर आदळून प्रकाश सर्व दिशांना विखुरतो. लाल, हिरवा, निळा असे सगळेच रंग विखुरले गेल्याने आपल्या डोळ्यांना त्यांची बेरीज, म्हणजे पांढरा रंग, दिसतो. आता गाईच्या दुधाची साय आणि म्हशीच्या दुधाची साय शेजारी शेजारी ठेवा. गाईची साय किंचित पिवळी असते, म्हशीची पांढरी. तुपातही हाच फरक दिसतो. हिरव्या चाऱ्यात कॅरोटीन नावाचे पिवळे-नारिंगी द्रव्य असते. गाजराला रंग देणारे द्रव्य ते हेच. गाय त्यातले काही जसेच्या तसे दुधाच्या स्निग्धांशात उतरू देते. म्हैस मात्र जवळजवळ सगळ्याचे ‘अ’ जीवनसत्त्वात रूपांतर करते आणि ते जीवनसत्त्व रंगहीन असते.

तेव्हा सायीचा रंग म्हणजे विखुरलेल्या प्रकाशाचा पांढरेपणा आणि त्यात कॅरोटीनची अगदी चिमूटभर भर. आश्चर्याची गोष्ट अशी की गुलाबाची पाकळी हीच युक्ती करते.

पांढरी किंवा सायीच्या रंगाची पाकळी घ्या. तिच्या वरच्या व खालच्या थरांमध्ये पाण्याने भरलेल्या पेशी असतात आणि पेशींच्या मधल्या फटींत हवा असते. प्रकाश पाण्यातून हवेत व हवेतून पाण्यात जाताना प्रत्येक सीमेवर थोडा वळतो आणि थोडा परत फिरतो. जुन्या पुस्तकांत याला वक्रीभवन म्हणत, तुमच्या पुस्तकात त्याला अपवर्तन म्हटले आहे. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आणि हवेचा जवळजवळ १. या फरकामुळे शेकडो सीमांवर प्रकाश इकडेतिकडे फेकला जातो आणि पाकळी अपारदर्शक, पांढरी दिसते.

याची खात्री घरीच करता येते. पाकळीचा एक कोपरा दोन बोटांच्या चिमटीत धरून हलकेच चुरगळा. पेशी फुटतात, त्यांतला रस हवेच्या फटींत शिरतो आणि तेवढा भाग ओल्या कागदासारखा अर्धपारदर्शक होतो. त्या डागाखाली छापील अक्षर धरले तर ते वाचताही येईल. भजी बांधून आणलेला कागद तेलाने पारदर्शक होतो, त्याचेही कारण हेच. कागदाच्या तंतूंमधली हवा गेली, तिच्या जागी तेल आले आणि अपवर्तनांकातला फरक कमी झाला.

हा झाला पांढरेपणा. आता पिवळसर झाकेकडे वळू. पाकळ्यांच्या पेशींत कॅरोटीनच्या कुळातली द्रव्ये, म्हणजे कॅरोटिनॉइडे, अल्प प्रमाणात असतात. ही द्रव्ये साधारण ४०० ते ५०० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे जांभळा आणि निळा, प्रकाश शोषून घेतात. पांढऱ्यातून थोडा निळा वजा केला की उरतो तो सायीचा रंग. त्यांच्या जोडीला फ्लेव्होनॉल नावाची द्रव्ये असतात. ती आपल्याला जवळजवळ रंगहीन दिसतात, पण अतिनील किरण शोषतात. मधमाशीला अतिनील दिसते. त्यामुळे तिच्या दृष्टीने हे फूल ‘पांढरे’ नसतेच. फ्लेव्होनॉल आहे की नाही हे पाहायचे असेल तर फिकट पाकळी चुन्याच्या निवळीत बुडवा. पाकळी हळूहळू स्पष्ट पिवळी होते, कारण अल्कलीत या द्रव्यांचा रंग बदलतो. (निवळी डोळ्यांत उडू देऊ नका आणि प्रयोगानंतर हात धुवा.)

आणखी एक गमतीची गोष्ट. गुलाबाच्या सुवासात बीटा-आयोनोन आणि बीटा-डॅमासेनोन ही दोन द्रव्ये फार थोड्या प्रमाणात, पण फार महत्त्वाची असतात. ती दोन्ही कॅरोटिनॉइडांचे रेणू तुटून तयार होतात. म्हणजे रंगाचा रेणू तुटला की त्याच्या तुकड्यांतून वास मिळतो!

आता फुलाकडे नीट पाहा. सायीच्या रंगाचा चांगला गुलाब सगळीकडे सारखा नसतो. बाहेरच्या पाकळ्या जवळजवळ पांढऱ्या, पण आत, जिथे पाकळ्या एकमेकींना बिलगून उभ्या असतात, तिथे लोण्याचा, कधी मधाचा रंग असतो. काही जातींत पाकळीचे बूडच अधिक पिवळे असते हे खरे. पण तेवढ्याने सगळा उलगडा होत नाही. आतली एक पाकळी हलकेच काढून पांढऱ्या कागदावर ठेवा. फुलात होती त्यापेक्षा ती फिकी दिसेल. तिच्यावर तशाच सातआठ पाकळ्या रचा, रंग पुन्हा गडद होईल.

हे कसे घडते ते हिशेबाने पाहू. समजा, पाकळीवरून प्रकाश एकदा परत फिरला की लाल व हिरव्या प्रकाशाचा ९५ टक्के भाग उरतो आणि निळ्याचा ८५ टक्के. (आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत, प्रत्येक जातीत ते निराळे असतील.) बाहेरच्या पाकळीवरून प्रकाश एकदाच उसळून आपल्या डोळ्यांकडे येतो. ९५ आणि ८५ यांत फरक थोडा, म्हणून ती पाकळी पांढरट दिसते. फुलाच्या गाभ्यात मात्र प्रकाश एका पाकळीवरून दुसरीवर, तिच्यावरून तिसरीवर असा टोलवला जातो. चार वेळा टोलवला गेला तर लाल व हिरवा ०.९५ × ०.९५ × ०.९५ × ०.९५, म्हणजे ८१ टक्के उरतो आणि निळा ०.८५ × ०.८५ × ०.८५ × ०.८५, म्हणजे अवघा ५२ टक्के. द्रव्य तेवढेच, पण वजाबाकी चार वेळा झाली. पितळेच्या घासलेल्या तांब्याचा आतला भाग बाहेरच्यापेक्षा अधिक सोनेरी दिसतो, तोही याच कारणाने.

यावरून बागकामाला लागणारी एक गोष्ट निघते. सायीचा रंग नुसत्या द्रव्यावर ठरत नाही, पाकळ्यांची संख्या आणि त्यांची मांडणी यांवरही ठरतो. पाकळ्या कमी झाल्या, फूल सैल झाले, की रंगही गेला.

पाकळ्यांची अशी उंच, घट्ट, कळसासारखी मांडणी हे ज्या गुलाबांचे वैशिष्ट्य आहे त्यांना ‘हायब्रिड टी’ म्हणतात. हे नाव ऐकून पुष्कळांना चहा आठवतो, आणि ते बरोबरच आहे. युरोपातले जुने गुलाब बहुतेक वर्षातून एकदाच फुलत. चीनमधल्या बागांत मात्र पुन्हा पुन्हा फुलणारे गुलाब होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या आरंभी ते जहाजांतून युरोपात पोचले. त्यांतल्या काहींचा वास चहाच्या पानांसारखा वाटला म्हणून त्यांना ‘टी’ गुलाब हे नाव पडले. १८२४ साली इंग्लंडात आलेला त्यांतला एक गुलाब फिकट पिवळा होता. आजच्या सायीच्या रंगाचे एक मूळ तिथे आहे. चिनी आणि युरोपीय रक्ताच्या संकरातून फ्रान्समधल्या गियो यांनी १८६७ साली ‘ला फ्रान्स’ ही जात काढली. तिला पहिला हायब्रिड टी मानतात. गडद पिवळा रंग या कुळात यायला १९०० साल उजाडले. लिओं शहराच्या पेर्ने-दुशे यांनी तो इराणी पिवळ्या गुलाबाकडून मिळवला.

या कुळातली सर्वांत प्रसिद्ध जात आपल्या विषयाला अगदी जवळची आहे. फ्रान्सिस मेयाँ या फ्रेंच तरुणाने दुसऱ्या महायुद्धाआधी एक रोप तयार केले. पाकळी सायीसारखी पिवळसर आणि कडेला गुलाबी झाक. युद्ध पेटण्याच्या सुमारास त्याचे डोळे परदेशी पाठवले गेले, त्यांतले काही अमेरिकेला पोचले. २९ एप्रिल १९४५ रोजी कॅलिफोर्नियात या गुलाबाचे ‘पीस’, म्हणजे शांती, असे नामकरण झाले. त्याच सुमारास सान फ्रान्सिस्कोत संयुक्त राष्ट्रसंघाच्या स्थापनेची परिषद भरली होती. तिथल्या प्रतिनिधींना या गुलाबाचे एकेक फूल देण्यात आले.

आपल्याकडेही हे काम झाले आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक डॉ. बी. पी. पाल हे गव्हाचे मोठे शास्त्रज्ञ. गुलाब हा त्यांचा फावल्या वेळचा छंद, पण त्यातही त्यांनी पुष्कळ जाती निर्माण केल्या. त्यांनी आपल्या एका पांढऱ्या गुलाबाला ‘डॉ. होमी भाभा’ हे नाव दिले, याचे मला भौतिकशास्त्रवाला म्हणून विशेष कौतुक वाटते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची ‘जवाहर’ ही जात तर सायीच्या रंगाचीच आहे. आणि नाशिकचे काय? मोगल अमदानीत आपल्या गावाला गुलशनाबाद म्हणत. गुलशन म्हणजे फुलबाग. आज दिंडोरी तालुक्यात पॉलीहाऊसमध्ये गुलाब पिकवून तो दूर दूर पाठवला जातो. पण पॉलीहाऊसमध्ये शेतकरी हवा आपल्या मुठीत ठेवतो. अंगणातल्या झाडाला नाशिकचीच हवा सोसावी लागते.

ही हवा गुलाबाला वर्षाचे काही महिने स्वर्गासारखी असते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगला गारठा पडतो. शेजारच्या निफाडला पारा ५ अंशांखाली गेल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतीलच. द्राक्षबागायतदारांच्या पोटात तेव्हा गोळा येतो, पण गुलाब खूश असतो. थंडीत कळी सावकाश घडते, तिच्यात पाकळ्या अधिक भरतात आणि फूल हळूहळू उमलते. एप्रिल-मेमध्ये हेच झाड घाईघाईने लहान, सैल फूल काढते. ते सकाळी उमलते आणि कडक उन्हात कॅरोटिनॉइडे विरून दोन दिवसांत पांढरे पडते. (कडेची गुलाबी झाक अँथोसायनिन या द्रव्याची असते. तेही थंडीत अधिक तयार होते, म्हणून काही सायीचे गुलाब जानेवारीत गालावर लाली आल्यासारखे दिसतात.)

तेव्हा चांगले फूल हवे तर ते थंडीत यावे अशी व्यवस्था केली पाहिजे, आणि ती आपल्या हातात असते. कात्री हेच ते साधन. छाटणीपासून साधारण सहा ते सात आठवड्यांनी फूल येते. ऑक्टोबरच्या मध्याला छाटले की नोव्हेंबरअखेर पहिला बहर आणि मग थंडीभर फुले. नाशिकच्या मुलांना हे वेगळे सांगायला नको. द्राक्षाची गोडी छाटणीही ऑक्टोबरातलीच. पावसाळ्यात मात्र छाटू नये. ओल्या जखमेतून बुरशी शिरते आणि फांदी शेंड्याकडून खाली काळी पडत मरत जाते. छाटलेल्या टोकाला बोर्डो पेस्ट लावावी. मोरचूद आणि चुना यांचे हे औषध फ्रान्सच्या बोर्डो भागातल्या द्राक्षमळ्यांतून निघाले आणि आता आपल्या द्राक्षमळ्यांत पोचले आहे.

छाटणी म्हणजे फांद्या कमी करणे, एवढेच बहुतेकांना वाटते. खरे तर छाटणी म्हणजे झाडाला आकार देणे. फांदीच्या शेंड्यात ऑक्सिन नावाचे संप्रेरक तयार होते आणि ते खालच्या डोळ्यांना झोपवून ठेवते. शेंडा कापला की सर्वांत वरचा डोळा जागा होतो आणि ज्या दिशेला त्याचे तोंड असेल त्या दिशेला फुटतो. म्हणून बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा निवडावा आणि त्याच्या अर्धा सेंटिमीटर वर तिरका काप द्यावा. काप डोळ्याच्या विरुद्ध बाजूला उतरता असावा, म्हणजे पाणी डोळ्यावर ओघळत नाही. चार-पाच दणकट फांद्या ठेवाव्यात आणि झाड मधून मोकळे, ओंजळीसारखे करावे. नंतर एका काडीवर तीनचार कळ्या आल्या तर मधली ठेवून बाकीच्या मोहरीएवढ्या असतानाच खुडाव्यात. हे करायला जिवावर येते. पण न खुडल्यास सगळीच फुले लहान येतात, आणि सायीच्या रंगासाठी तर भरगच्च फूलच हवे.

जमिनीबद्दल एकच सांगतो. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि गुलाबाच्या मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. हातभर खोल खड्डा खणून तो पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही त्यात पाणी दिसले तर तिथे गुलाब लावू नका, किंवा पोयटा, शेणखत आणि थोडी जाड वाळू घालून उंच वाफा करा. दिवसाचे निदान सहा तास ऊन हवे, शक्यतो सकाळचे. पाणी बुंध्याशी द्या, पानांवर नको. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला रुजण्यासाठी पान काही तास सतत ओले लागते. भुरीला मात्र तसे ओले पान लागत नाही, तिला दमट हवा पुरते. म्हणून झाडे दाटीने लावू नयेत.

फिकट गुलाबाचे एक दुखणे गडद गुलाबाला नसते, ते म्हणजे त्याला काही लपवता येत नाही. फुलकिडे पाकळ्यांच्या घडीत शिरून रस शोषतात. लाल फुलावर त्याच्या खुणा चटकन कळत नाहीत, पण सायीच्या फुलाच्या कडा चहा सांडल्यासारख्या तपकिरी होतात. दवाने फूल रात्रभर भिजले तर बुरशीचे बारीक गुलाबी ठिपकेही उठतात. थंडीच्या दिवसांत मी उमलत्या कळीवर रात्री कागदाची टोपी घालतो. शेजारी हसतात.

आता त्या पांढऱ्या फुलांकडे येऊ.

आदल्या पावसाळ्यात झाडाच्या बुंध्याशी एक फूट निघाली होती. सरळ, हिरवीगार, महिनाभरात पुरुषभर उंच झालेली. मला फार आनंद झाला होता. फूल न्यायला आलेल्या काकू म्हणाल्या, “अरे, ही फूट काही वेगळीच दिसते. पाने बघ किती बारीक.” मी त्यांना झाडाच्या जोमाबद्दल चार गोष्टी ऐकवल्या. फेब्रुवारीत पांढरी फुले आली तेव्हाही मी ती हातात घेऊन पाहिली नाहीत. पाहिली असती तर माझ्या निकालाचा फोलपणा तिथेच कळला असता. उन्हाने रंग उडालेले फूल मोठे आणि पुष्कळ पाकळ्यांचेच राहते, फक्त फिके पडते. ही फुले होती रुपयाएवढी, पाच पाकळ्यांची आणि झुपक्यांनी लागलेली!

माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील द्राक्षबागायतदार. ते काही कामाने घरी आले, अंगणात गेले आणि वाकून बुंध्याची माती हाताने बाजूला करत म्हणाले, “सर, द्राक्षाच्या भाषेत सांगायचं तर तुमचा डॉगरीज वर आलाय.”

द्राक्षाची वेल जशी डॉगरीजच्या खुंटावर बांधतात, तसाच हायब्रिड टी गुलाबही बहुधा स्वतःच्या मुळांवर उभा नसतो. एखाद्या काटक रानगुलाबाचा खुंट घेऊन त्यावर हव्या त्या जातीचा एक डोळा भरतात. आमच्या झाडाचा खुंट होता ‘रोझा मल्टिफ्लोरा’ या रानगुलाबाचा. त्याची फुले पांढरीच असतात. डोळा जिथे भरला त्या गाठीच्या खालून खुंटाची स्वतःची फूट निघाली की ती मुळांचे सगळे अन्नपाणी पळवते आणि वरचे कलम उपाशी मरते. आमच्या झाडाचा रंग बदलला नव्हता. झाडच बदलले होते! ‘माती रंग खाते’ असे ज्यांच्या बाबतीत म्हणतात त्या झाडांचेही बहुधा हेच झालेले असते.

अशी फूट कशी ओळखावी? सात पर्णिका म्हणजे रानफूट, पाच म्हणजे कलमाची, असा एक नियम लोक सांगतात. मला तो भरवशाचा वाटत नाही, कारण हायब्रिड टीलाही काही पानांत सात पर्णिका येतात. खरी परीक्षा एकच: माती बाजूला करून फूट गाठीच्या वरून निघाली आहे की खालून, ते पाहणे. खालून असेल तर वरच्यावर कापू नये, कारण कापलेल्या फुटीला खालून आणखी चार फुटवे येतात. ती मुळापासून ओरबाडून काढावी.

आईच्या कलमाची तोवर एकच काडी हिरवी उरली होती, पेन्सिलीपेक्षा बारीक. मी ती रानफूट उपटायला निघालो होतो, पण बागायतदारांनी मला थांबवले. म्हणाले, “हिच्यात जोर आहे ना? मग हिच्यावरच डोळे भरू.” त्यांनी रानफुटीच्या सालीत, जमिनीपासून वीतभर उंचीवर, इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा काप दिला, साल हलकेच उचकटली, हिरव्या काडीवरचा एक डोळा ढालीच्या आकाराच्या सालीसकट काढून आत सरकवला आणि डोळा तेवढा उघडा ठेवून प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधला. सालीखाली वाढणाऱ्या पेशींचा एक पातळ थर असतो. दोन्हींचे थर जुळले तरच डोळा जगतो. असे तीन डोळे भरले. तीन आठवड्यांनी पाहिले तर दोन काळे पडले होते आणि एक हिरवा होता. तो फुटून हातभर झाल्यावर वरची सगळी रानफूट कापून टाकली.

या पद्धतीत एक विलक्षण गोष्ट आहे. बीपासून आलेले रोप आईबापांपेक्षा निराळे असते, पण डोळा भरून केलेले झाड म्हणजे त्याच जुन्या झाडाचा तुकडा. जगभरातली ‘पीस’ गुलाबाची सगळी झाडे मेयाँच्या त्या एकाच रोपाचे तुकडे आहेत. आमच्या अंगणातल्या नव्या फांदीलाही मी आईचेच झाड म्हणतो आणि यात भावनेपेक्षा वनस्पतिशास्त्र अधिक आहे.

ऑक्टोबरात छाटणी केली आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सायीच्या रंगाचे फूल आले. गाभा लोण्यासारखा.

फूल कापायचे ते पहाटे, ऊन यायच्या आत. १५ अंश तापमानाची घनमीटरभर हवा जास्तीत जास्त १३ ग्रॅमच्या आसपास वाफ सामावते, ३५ अंशांची सुमारे ४० ग्रॅम. म्हणजे दुपारची कोरडी हवा फुलातून पाणी ओढायला अधिक तहानलेली असते. बाहेरच्या एकदोन पाकळ्या सुटू लागल्या की काडी कापावी. अगदी घट्ट कळी कापली तर ती बहुधा उमलतच नाही.

कापलेला गुलाब फुलदाणीत पाणी असूनही कधी कधी मान टाकतो. कारण पाहा. पाने बाष्पोच्छ्वासाने पाणी बाहेर टाकतात आणि देठातल्या बारीक जलवाहिन्यांतले पाणी ताणलेल्या दोरीसारखे वर ओढले जात असते. काडी कापताच ही दोरी तुटते, पाण्याचे टोक आत सरकते आणि मागोमाग हवा शिरते. हवेचा बुडबुडा अडकला की ती वाहिनी बंद पडते. उपाय सोपा आहे. घरात आणल्यावर देठ पाण्याने भरलेल्या घमेल्यात बुडवून, पाण्याखालीच धारदार कात्रीने दोनतीन सेंटिमीटर पुन्हा कापावा. आता हवेऐवजी पाणी आत जाते. पाण्याखाली जाणारी पाने काढून टाकावीत, ती कुजतात आणि जिवाणूंच्या चिकट थराने वाहिन्या बुजतात. पाण्यात चमचाभर साखर आणि लिंबाचे चार थेंब घालावेत. साखर फुलाला अन्न पुरवते, लिंबाचे आम्ल जिवाणूंना आवरते. पाणी रोज बदलावे.

मांडणीचेही थोडे शास्त्र आहे. सर्वांत उंच काडी भांड्याच्या उंचीच्या साधारण दीडपट ठेवली तर डोळ्याला बरे दिसते. भरलेले फूल जड असते, म्हणून हलक्या भांड्यात गुरुत्वमध्य वर जातो आणि वाऱ्याच्या झुळकीने सगळे कोलमडते. तळाशी नदीतले गोटे घालावेत. मी आमचा जुना तांब्याच वापरतो. एकच फूल आणि दोन पाने पुरतात. पाचसहा फुले कोंबली की एकाही फुलाचा गाभा दिसत नाही.

मागे काय आहे याला मात्र फार महत्त्व आहे. फ्रान्समध्ये शेव्हरोल नावाचे रसायनशास्त्रज्ञ गोब्लँच्या कारखान्यात रंगविभागाचे प्रमुख होते. गालिच्यात वापरलेले काळे सूत फिके दिसते, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासले तर सूत चांगले होते. शेजारच्या रंगांमुळे ते तसे दिसत होते. यावर त्यांनी १८३९ साली एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. आपला सायीचा गुलाब झेंडूच्या ताटात ठेवा, तो पांढरा दिसेल. चुन्याने रंगवलेल्या पांढऱ्या भिंतीपुढे ठेवा, पिवळट, काहीसा शिळा दिसेल. पण जांभळ्या कापडापुढे ठेवून पाहा. जांभळा पिवळ्याच्या विरुद्ध बाजूचा रंग असल्याने गुलाबातला तेवढासा पिवळेपणा उजळून निघतो. घरात जुन्या जांभळ्या पैठणीचा तुकडा असेल तर उत्तमच.

आणि हे सगळे दिवसाच्या उजेडात करा. विजेच्या जुन्या बल्बच्या पिवळ्या प्रकाशात मुळातच निळा भाग कमी असतो. मग पाकळी वजा करणार काय? पांढरा गुलाब आणि सायीचा गुलाब तिथे जवळजवळ सारखेच दिसतात. हल्लीचे एलईडी दिवे ‘पिवळसर’ आणि ‘शुभ्र’ अशा दोन्ही प्रकारांत मिळतात. एकच फूल आळीपाळीने दोन्ही दिव्यांखाली धरून पाहा आणि काय दिसते ते वहीत टिपून ठेवा.